तान्ह्याला गुटी द्यायची की नाही? (कालच्या पोस्टला उत्तर)

गुहागरची माहेरवाशीण: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘कोकणातली पोरं गुटीवरच वाढली, डॉक्टर उगाच घाबरवतात.’ वाचून राहवलं नाही. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. गुटीसाठी सहाणेवर उगाळलेल्या जायफळाचे वेढे कोण मोजतं? जास्त झालं की बाळ गुंगतं आणि घरात कौतुक, ‘बघ कसं शांत झोपलं!’ वर मधाचं बोट. वर्षाच्या आत मध नकोच. त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन अंग लुळं पडू शकतं. माझ्या भाचीला गुटीनंतर हगवण लागली. गुटी उगाळलेली ऐन पावसातल्या विहिरीच्या गढूळ पाण्यात, तेही न उकळता.

मालवणची आये: माझ्या चारय पोरांका गुटी दिलंय. एकाकय काय झाला नाय. पावसात खाडीक पाणी चढला की होडी बंद. तेव्हा खयसून आणूचो डॉक्टर?

माहेरवाशीण: आये, डॉक्टर नव्हता हे खरं. पण बाळाचं रडणं दीड महिन्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपलं आपण ओसरतं. नाव गुटीचं होतं.

देवगडकर: आमच्याकडे दोन दिवस शी झाली नाही की एरंडेल! अंगावर पिणारं बाळ महिन्याचं झाल्यावर कधी आठवडाभर शी करत नाही. मऊ होत असेल, बाळ नीट पीत असेल तर काही बिघडलेलं नसतं. हिरवी उलटी झाली तर मात्र घरी थांबू नका.

राजापूरची सून: गुटी राहू द्या. सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्वच हवं, पोटाला हलकं.

देवगडकर: सत्त्व कशाला? भिजवून, वाटून, फडक्यातून गाळता आणि चोथा कोंबड्यांना! नाचणीचं कॅल्शियम बरंचसं सालीत असतं. बाळाला पांढरा स्टार्च, ताकद कोंबड्यांना.

राजापूरची सून: तुम्ही कधी पाटा धरलाय? चोथ्यासकट दिलं तेव्हा माझ्या मुलाचं पोट फुगलं. रात्रभर मांडीवर घेऊन मी बसले होते, तुम्ही नव्हे.

देवगडकर: मोड आणून, वाळवून, भाजून दळा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. मोडामुळे पचायला सोपं जातं. आमच्या दोन्ही मुलींना असंच दिलं.

राजापूरची सून: श्रावणात वाळवायचं कुठे? तुमच्या डोक्यावर?

माहेरवाशीण: अहो, धागा गुटीचा आहे!

मालवणची आये: मध नाय देवचंय, जा. पाणीय उकळतंय. पण वेखंडाचो एक वेढो देतलंयच.

माहेरवाशीण: मध सुटला, तेवढं तरी झालं. वेखंडही नको, आये. आणि हगवण लागलीच तर ओआरएसची (जलसंजीवनीची) मोठी पुडी अख्खी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. कपात थोडी थोडी टाकू नका, आणि अंगावरचं दूध चालूच ठेवा.

राजापूरची सून: मोड आलेली नाचणी चुलीच्या धगीवर वाळेल का, तेवढं सांगा. सत्त्व मी सोडलेलं नाही.