मदत हवी आहे: जबड्याच्या सांध्याचं दुखणं आणि झोप, आधी स्लीप स्टडी (झोपेतला श्वास वगैरे बघणारी तपासणी) की स्प्लिंट?

आईचं वय ५४, आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. चार महिन्यांपासून तिच्या उजव्या कानासमोर, जबड्याच्या सांध्यात दुखतंय. तोंड उघडताना कट्ट आवाज येतो, जेमतेम दोन बोटं मावतात. खरा त्रास रात्रीचा. उजव्या कुशीवर वळली की कळ येऊन जाग येते, मग दोन-दोन तास झोप नाही. बाबा सांगतात, झोपेत दातही खाते. सकाळी कानशिलं जड.

कान तपासून झाला, काही निघालं नाही. दातांचा ओपीजी एक्स-रे ठीक. रात्री दातांवर घालायचं मऊ नाईट गार्ड तीन आठवडे लावलं, उलट सकाळी जबडा जास्तच आवळलेला. शेक, मऊ खिचडी, भाकरी बंद, याने दिवसा बरं वाटतं, रात्री नाही. बीपीची गोळी चालू आहे, त्यामुळे रोज पेनकिलर नको.

आता दुसऱ्या दंतवैद्यांनी वरच्या दातांवर बसणारं कडक ॲक्रिलिकचं स्प्लिंट सुचवलंय. पण आई घोरते, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून उठते. स्लीप ॲप्निया (झोपेत मध्येमध्ये श्वास थांबणं) असेल तर अशा स्प्लिंटने काहींचा त्रास वाढतो असं वाचलं, म्हणून थांबलोय. तोंड जास्त उघडत नसल्यामुळे माप घेणंही तिला जड जाणार, दोनदा करायला नको.

गंगापूर रोड, नाशिक रोड, कुठेही जाऊ. नाशिकमध्ये जबड्याचा सांधा आणि झोप दोन्ही एकत्र बघणारं कोणी आहे का? आणि ज्यांनी दोन्ही केलंय, त्यांनी आधी स्लीप स्टडी केली की स्प्लिंट?