मदत हवी आहे: न्यू जर्सीत कोलॅबोरेटिव्ह घटस्फोट कुणी घेतलाय का?

नमस्कार मंडळी,

आमचं लग्न पुण्यात, हिंदू विवाह कायद्याखाली झालं. गेली अकरा वर्षं एडिसनला आहोत. वेगळं व्हायचं दोघांनीही ठरवलंय, पण कोर्टात उभं राहून एकमेकांची उणीदुणी काढायची नाहीत. परवा लेकाने फ्रिजवरच्या कॅलेंडरवर आईचे दिवस निळे आणि बाबांचे हिरवे रंगवले. नऊ वर्षांचा आहे तो. ते पाहून पोटात कालवलं.

इथे न्यू जर्सीत २०१४ पासून कोलॅबोरेटिव्ह घटस्फोटासाठी वेगळा कायदा आहे. दोघांचे वकील वेगळे, पण सगळे एकत्र बसून घर, ४०१-के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं), मुलाचा ताबा ठरवतात. कोर्टाचा संबंध फक्त शेवटच्या हुकमापुरता. मात्र बोलणी फिसकटली तर दोन्ही वकिलांना बाजूला व्हावं लागतं आणि नव्या वकिलांसोबत पहिल्यापासून सुरुवात. मला याचीच धास्ती वाटते. कुणाचं असं मध्येच मोडलंय का? खर्च किती वाढला?

दुसरं, पुण्यातला फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. परदेशी कोर्टाचा घटस्फोट दोघांची संमती असेल तर भारतात ग्राह्य धरता येतो, असं सुप्रीम कोर्टाच्या १९९१ च्या निकालात आहे. तरीही कुणी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली (परस्पर संमतीने घटस्फोट) पुण्यात वेगळा अर्ज केला होता का? फ्लॅटची कागदपत्रं करताना इथला हुकूम चालला का?

ताई-दादांनो, स्वतः यातून गेला असाल तर कृपया सविस्तर लिहा. मेसेज केलात तरी चालेल.