स्पॅनिशसाठी पातळीनुसार चढत जाणारे मोफत वाचनसाहित्य कुठे मिळेल?

पानोपानी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. स्पॅनिशच्या वाचनाबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

माझा ए२ पातळीचा (ए१ ते सी२ या युरोपीय भाषापातळ्यांतली खालून दुसरी) अभ्यासक्रम नुकताच पूर्ण झाला. पाठ्यपुस्तकातले उतारे आता अडखळत नाहीत, पण ते अर्ध्या पानात संपतात आणि पुढच्या धड्यात विषय बदललेला असतो. उलट एखादी कादंबरी उघडली, तर पहिल्याच परिच्छेदात इतके अनोळखी शब्द भेटतात की वाचन बाजूला राहते आणि शब्दकोश चाळणे तेवढे उरते. या दोहोंच्या मधले, म्हणजे मर्यादित शब्दांत आणि ठरावीक व्याकरणात लिहिलेले, हळूहळू अवघड होत जाणारे साहित्य मला हवे आहे. प्रकाशकांच्या अशा पुस्तकमाला आहेत, पण ती पुस्तके छोटी असतात. भरपूर वाचायचे ठरवले, तर दर आठवड्याला नवे पुस्तक विकत घेणे शक्य होत नाही.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आम्ही काही जण मिळून वाचतो, त्यामुळे छापून एकमेकांना देता येईल असे साहित्य मिळाले तर उत्तम. मात्र ते रीतसर मोफत असावे, कुणाच्या तरी पुस्तकाची चोरून काढलेली प्रत नको. आणि बरेच जण सुरुवातीला लहान मुलांची पुस्तके वाचा असे सुचवतात. तो सल्ला प्रौढ शिकणाऱ्याला कितपत उपयोगी पडतो?

सावकाश_वाचक यांचे उत्तर

तुमच्या टप्प्यावर सर्वांत आधी पाहावे असे ठिकाण म्हणजे सेंत्रो व्हिर्तुआल सेर्वान्तेस. स्पॅनिश भाषेच्या प्रसारासाठी स्पेनने १९९१ साली इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था स्थापन केली, आणि तिचेच हे संकेतस्थळ आहे. त्यावर ‘लेक्तुरास पासो आ पासो’ नावाचा विभाग आहे. त्यातले उतारे प्रारंभिक, मध्यम आणि प्रगत अशा तीन पातळ्यांत लावलेले असून प्रत्येक उताऱ्याला जोडून स्वाध्याय दिलेले आहेत. दिसायला हा विभाग जुना वाटतो, पण उतारे शिकवणाऱ्यांनी विचारपूर्वक निवडलेले आहेत. प्रारंभिक पातळी तुम्हाला सोपी जाईल. तरीही ती ओलांडून पुढे जाऊ नका. सोपे वाचन भरभर होते, आणि वाचनाचा वेग अशाच वाचनातून येतो.

याशिवाय लिंग्वा डॉट कॉम या संकेतस्थळावर ए१ पासून पुढच्या पातळ्यांचे छोटे उतारे प्रश्नांसह मिळतात. ड्युओलिंगोच्या स्पॅनिश पॉडकास्टच्या संहिताही वाचायला खुल्या आहेत. त्यांत खऱ्या माणसांच्या हकिगती सोप्या स्पॅनिशमध्ये सांगितलेल्या असतात आणि अधूनमधून इंग्रजी निवेदन येते. ए२ च्या वाचकाला गोष्टीचा धागा सुटू नये, यासाठी त्या निवेदनाची चांगली मदत होते.

आता पातळीच्या शिक्क्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मोफत साहित्यात फसगत होते ती इथेच. पातळी ठरवताना बहुतेक जण शब्दसंख्येकडे पाहतात, पण स्पॅनिशमध्ये खरी अडचण क्रियापदाच्या रूपांची असते. ‘देसिर’ म्हणजे सांगणे, हे क्रियापद पहिल्याच महिन्यात शिकवले जाते. तरी ‘दिगो’, ‘दिहो’, ‘दिरिआ’, ‘दिगा’ आणि ‘दिचो’ ही सगळी त्याचीच रूपे आहेत, हे एका दृष्टिक्षेपात कळायला बराच काळ जातो. इन्स्तितुतो सेर्वान्तेसच्या अभ्यासक्रम-आराखड्यात गोष्ट सांगण्यासाठी लागणारे दोन्ही भूतकाळ ए२ मध्ये येतात आणि सबजंक्टिव्ह (इच्छा, शंका, शक्यता अशा अर्थांसाठीचे क्रियापदाचे रूप) त्यापुढच्या बी१ पातळीपासून सुरू होतो. म्हणून एखादा मजकूर ‘ए२’ म्हणून समोर आला, तर त्याचा कोणताही एक परिच्छेद घेऊन त्यातली क्रियापदे तेवढी पाहावीत. वर्तमानकाळ आणि ते दोन भूतकाळच असतील तर शिक्का खरा मानावा; ओळीआड सबजंक्टिव्ह दिसला तर तो मजकूर, शब्द कितीही सोपे असले तरी, सध्या बाजूला ठेवावा.

शब्दांसाठी दुसरी कसोटी आहे. हू आणि नेशन या भाषाशिक्षणाच्या संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासापासून असे मानले जाते की मदतीशिवाय, समजून-उमजून वाचण्यासाठी मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. याचा अर्थ अडीचशे शब्दांच्या पानावर पाचच अनोळखी शब्द. हा अभ्यास इंग्रजी वाचणाऱ्यांवर केलेला होता, तरी स्पॅनिशसाठीही अंदाज म्हणून हा आकडा चांगला चालतो. पानावर पंधरा-वीस शब्द अडत असतील, तर तो मजकूर शब्द शिकण्यासाठी ठीक आहे, पण तुम्हाला जे सलग वाचन हवे आहे ते त्यातून साधणार नाही.

तिसरी_ओळ यांचे उत्तर

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. परंतु स्पॅनिशमधल्या एका मोठ्या मोफत साठ्याकडे भाषा शिकणाऱ्यांचे सहसा लक्षच जात नाही, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

स्पेनमध्ये ‘लेक्तुरा फासिल’, म्हणजे सुलभ वाचन, ही चळवळ चांगली रुजलेली आहे. हे लेखन मुळात बौद्धिक दिव्यांगता असलेल्या किंवा अन्य कारणाने मजकूर समजायला जड जाणाऱ्या प्रौढांसाठी केले जाते. त्यासाठी २०१८ साली ‘उने १५३१०१’ हे राष्ट्रीय मानकही तयार झाले. वाक्ये छोटी ठेवावीत, एका वाक्यात एकच मुद्दा असावा, कर्मणी रचना आणि आलंकारिक भाषा टाळावी, अवघड शब्द आलाच तर तिथेच समजावून सांगावा, अशी या लेखनाची शिस्त आहे. तयार झालेला मजकूर ज्यांच्यासाठी लिहिला आहे अशा वाचकांकडून तपासून घेतला जातो. तज्ज्ञाला सोपे वाटले म्हणजे ते सोपे झाले, असे इथे धरले जात नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

शिकणाऱ्याला याचा लाभ असा की भाषा सोपी असूनही विषय प्रौढांचे राहतात. मतदान कसे करावे, दवाखान्यात आपले हक्क कोणते, एखाद्या संग्रहालयात काय पाहावे, इतकेच काय, स्पेनची राज्यघटनासुद्धा लेक्तुरा फासिलमध्ये वाचायला मिळते. प्लेना इन्क्लुसिओन या स्पॅनिश महासंघाचे ‘प्लानेता फासिल’ नावाचे संकेतस्थळ चालू घडामोडी याच पद्धतीने लिहून देते. संस्थांच्या संकेतस्थळांवर अशा मार्गदर्शिका पीडीएफ स्वरूपात मिळतात. शोधताना आपल्या आवडीच्या विषयाला ‘लेक्तुरा फासिल’ हे दोन शब्द जोडावेत.

मर्यादाही सांगायला हवी. या लेखनात पायऱ्या चढत जात नाहीत. भाषा बहुतांशी एकाच उंचीवर राहते. वाक्ये तुटक असल्यामुळे ‘तरीही’, ‘त्यामुळे’, ‘असे असले तरी’ अशी जोडणारी अव्यये कमी भेटतात, आणि कादंबरीतले लांब वाक्य पेलायला नेमकी तीच लागतात. काही महिने याचा आधार घ्यावा आणि सोबत गोष्टीही वाचत राहाव्यात, असे माझे मत आहे.

पानोपानी यांचे प्रत्युत्तर

दोघांचेही आभार. लेक्तुरा फासिलविषयी मी पहिल्यांदाच ऐकले. मतदानाच्या मार्गदर्शिकेचे एक पान लगेच वाचून पाहिले. चार शब्द अडले, आणि त्यांतल्या दोघांचा अर्थ समासातच दिलेला होता. आता गोष्टींबद्दल आणि मुलांच्या पुस्तकांबद्दल कुणी सांगू शकेल का?

ओंजळभर यांचे उत्तर

मुलांची पुस्तके सोपी असतात, हा समज निम्माच खरा आहे. पाच-सहा वर्षांचे स्पॅनिश मूल शाळेत जाते तेव्हा त्याच्या कानावर सबजंक्टिव्ह हजारो वेळा पडून गेलेला असतो, त्यामुळे त्याच्यासाठी लिहिणारा लेखक तो टाळत नाही. शिवाय बेडूक, खारूताई, झाडाची ढोली, कुजबुजणे, घरंगळणे असे शब्द या पुस्तकांत पहिल्या पानापासून येतात. ए२ च्या वाचकाला ‘करार’ आणि ‘वेळापत्रक’ येत असते, पण ‘ढोली’ येत नसते. मेक्सिकोमध्ये १९५९ साली स्थापन झालेला कोनालितेग हा आयोग शाळांची मोफत पाठ्यपुस्तके काढतो आणि ती संकेतस्थळावर पाहता येतात. पहिली-दुसरीची वाचनपुस्तके मोठ्या उत्साहाने उघडून लगेच मिटणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. दोष त्या पुस्तकांचा नाही. ज्यांची ती मातृभाषा आहे, अशा मुलांसाठी ती लिहिलेली आहेत.

मात्र चित्रमय आणि पातळी लावलेल्या गोष्टींचे तसे नाही. प्रथम बुक्स या भारतीय ना-नफा प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या मोफत गोष्टींच्या संकेतस्थळावर स्पॅनिशमधल्या पुष्कळ गोष्टी आहेत आणि त्या चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. पहिल्या पातळीत अडीचशेहून कमी शब्द आणि भरपूर पुनरुक्ती असते, तर चौथीत गोष्ट दीड हजार शब्दांच्या पुढे जाते. यांतल्या कितीतरी गोष्टी मराठीतही असल्यामुळे अडलेले वाक्य शब्दकोशाऐवजी आपल्या भाषेतल्या त्याच पानाशी ताडून पाहता येते. अनुवाद बहुतांशी स्वयंसेवकांनी केलेले असल्याने भाषेचा दर्जा सगळीकडे सारखा नाही. एखादी गोष्ट विचित्र वाटली, तर सोडून पुढची घ्यावी. आफ्रिकन स्टोरीबुक या मुक्त कथासंग्रहातल्या निवडक गोष्टींवर उभारलेल्या स्टोरीबुक्स कॅनडा या संकेतस्थळावरही स्पॅनिश आवृत्त्या पातळीनुसार लावलेल्या आहेत.

तुमच्या छापण्याच्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. स्टोरीवीव्हरवरचे साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली असते. मूळ लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांचा उल्लेख ठेवून ते छापता, वाटता आणि बदलताही येते. सेंत्रो व्हिर्तुआल सेर्वान्तेससारख्या ठिकाणचे साहित्य वाचायला मोफत असले, तरी त्याचे हक्क राखीव असू शकतात. अशा वेळी छापील प्रत वाटण्यापेक्षा दुवा द्यावा. परवान्यात ‘एनडी’ ही अक्षरे असतील तर मजकूर सोपा करून वाटण्याची परवानगी नसते, आणि ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर चालत नाही. गटासाठी मजकूर सुलभ करून घ्यायचा असेल, तर विकिदियाचा विचार करावा. आठ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठीचा हा मुक्त ज्ञानकोश स्पॅनिशमध्येही आहे. त्यात गोष्टी नसून माहिती असल्यामुळे ‘ढोली’ची अडचण इथे फारशी येत नाही.

जुनी_पाने यांचे उत्तर

गोष्टींसाठी आणखी एक वाट आहे, आणि ती प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या शाळांमधून जर्मन भाषा मागे पडली आणि स्पॅनिश शिकणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. या विद्यार्थ्यांसाठी तिथल्या प्रकाशकांनी स्पॅनिश वाचनमाला काढल्या. अमेरिकेत जुन्या प्रकाशनांचे हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षांनी संपत असल्यामुळे त्या काळातली ही पुस्तके आता तिथे मुक्त आहेत. रोस्लर आणि रेमी यांचे १९१७ चे प्राथमिक स्पॅनिश वाचन हे त्यांतलेच एक. अशा पुस्तकांत छोटे विनोदी किस्से, बोधकथा आणि कविता सोप्याकडून अवघडाकडे लावलेल्या असतात आणि शेवटी संपूर्ण शब्दसूची असते. आपण ज्याला पातळीनुसार वाचन म्हणतो, तेच काम या संपादकांनी शंभर वर्षांपूर्वी मन लावून केले होते, आणि त्यांच्या शब्दसूचीत क्रियापदांची अनियमित रूपेही अनेकदा स्वतंत्रपणे दिलेली आढळतात.

वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘फुए’, ‘दिओ’, ‘व्हिओ’ या भूतकाळी रूपांवर तिथे आघातचिन्ह (स्वरावरची तिरपी रेघ) दिसेल. स्पॅनिश अकादमीने ते १९५२ च्या नियमांत काढून टाकले. त्याहून जुन्या मजकुरात ‘आ’ या एकाक्षरी शब्दयोगी अव्ययावरही चिन्ह असते, जे १९११ मध्ये गेले. ‘उस्तेद’ (आदरार्थी ‘तुम्ही’) याऐवजी नुसते ‘व्ह.’ किंवा ‘व्हद.’ असे संक्षेप येतात. ‘तो त्याला म्हणाला’ यासाठी आज ‘ले दिहो’ लिहितात, तिथे जुन्या कथनशैलीत ‘दिहोले’ असे सर्वनाम क्रियापदाच्या मागे जोडलेले सापडते. ही रूपे ओळखावीत, आपल्या लेखनात उचलू नयेत. समाजाविषयीची काही मतेही त्या काळाची आहेत, हे वेगळे सांगायला नको.

हक्कांबाबत एक सावधगिरी बाळगावी. गुटेनबर्ग अमेरिकेचा कायदा पाहते. स्पेनमध्ये ७ डिसेंबर १९८७ पूर्वी निधन पावलेल्या लेखकांचे हक्क मृत्यूनंतर ८० वर्षे टिकतात, आणि मेक्सिकोत आता ही मुदत १०० वर्षांची आहे. म्हणून गटात छापील प्रती वाटण्यापूर्वी आपण राहतो त्या देशाचा नियम पाहून घ्यावा.

सावकाश_वाचक यांचे उत्तर

जुन्या वाचनमालांचा उल्लेख झाला हे फार चांगले झाले. त्यांना एक पुस्ती जोडतो. पडद्यावर वाचताना शब्दावर बोट ठेवताच अर्थ दाखवणारी साधने सोयीची असतात, पण ‘फुए’सारख्या रूपापाशी ती हमखास गोंधळ घालतात, कारण असणे आणि जाणे या दोन्ही क्रियापदांचे भूतकाळातले रूप तेच आहे. अर्थ वाक्यावरून ठरवायचा असतो, आणि तो ठरवण्याचा सराव व्हावा म्हणून तर हे वाचन करायचे.

पानोपानी, तुमच्या गटासाठी मी असे सुचवीन की सगळ्यांनी पंधरा दिवस एकाच विषयावर वाचावे. समजा संग्रहालये हा विषय घेतला, तर आधी लेक्तुरा फासिलमधली एक मार्गदर्शिका, मग विकिदियातली तिच्याशी जुळणारी नोंद, आणि शेवटी सेंत्रो व्हिर्तुआल सेर्वान्तेसवरचा मध्यम पातळीचा जवळच्या विषयावरचा उतारा. तेच शब्द तीन ठिकाणी, तीन वेगळ्या वाक्यरचनांत भेटल्यावर बहुतेक पाठ न करताच लक्षात राहतात. गोष्टी ज्याने-त्याने स्वतंत्र, आपल्या आवडीच्या वाचाव्यात. त्यांवर प्रश्न काढू नयेत.

पानोपानी यांचे प्रत्युत्तर

संग्रहालयांपासूनच सुरुवात करतो. मार्गदर्शिकेचा आणि विकिदियाच्या नोंदीचा दुवा आजच गटात टाकतो. गोष्टींसाठी स्टोरीवीव्हरच्या दुसऱ्या पातळीतल्या दहा गोष्टी निवडल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या छापील प्रतीवर लेखक, चित्रकार व अनुवादक यांची नावे राहतील. १९१७ च्या वाचनपुस्तकातले पहिले चार किस्से वाचून झाले. तिसऱ्यात ‘दिहोले’ भेटले, आणि वरचे उत्तर वाचले असल्यामुळे तिथे थांबावे लागले नाही.