मदत हवी आहे : सिल्व्हिया ड्युबॉइस यांच्या वयाचा पडताळा कसा घ्यावा?

न्यू जर्सीतील सोरलँड डोंगरावर राहणाऱ्या, एकेकाळी गुलाम असलेल्या सिल्व्हिया ड्युबॉइस यांची डॉ. कॉर्नेलियस लॅरिसन यांनी १८८३ मध्ये मुलाखत घेतली, तेव्हा त्यांचे वय ११६ वर्षे असल्याचे सांगितले गेले. मालकिणीला चोप देऊन स्वातंत्र्य मिळवणाऱ्या आणि पुढे आजोबांकडून आलेले मद्यगृह चालवणाऱ्या या बाईंचे उत्तरायुष्य मला वयाच्या आकड्याहून अधिक मोलाचे वाटते. तरीही लेखासाठी तो आकडा तपासणे भाग आहे. अमेरिकी जनगणनेत १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव व वय नोंदवले जाई. न्यू जर्सीत राहणाऱ्या सभासदांपैकी कोणी हंटरडन आणि सॉमरसेट परगण्यांतील त्या नोंदी पाहिल्या असल्यास, त्या कोठे व कशा मिळतील, हे कृपया कळवावे.