पंप बंद असतानाही फ्लो मीटर पाणी मोजतोय, मीटर बदलायचा का?

मुलुंडची_सचिव:
मुलुंड पूर्वेला आमची २८ घरांची जुनी सोसायटी. महापालिकेच्या मीटरवर जेवढं पाणी येतं तेवढं गच्चीवरच्या टाकीत पोचत नाही असा मला बरेच दिवस संशय आहे. म्हणून वर जाणाऱ्या लाइनवर ८० मिमीचा इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लो मीटर बसवून घेतला. बसवणाऱ्याने तो गच्चीत, टाकीत पाणी पडतं त्याच्या वीतभर आधी, एल्बोला लागूनच आडव्या पाइपमध्ये बसवला. पाइप यूपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा आहे.

खालची टाकी आतून ४ बाय ३ मीटर. काल पालिकेचा व्हॉल्व्ह बंद करून पंप चालवला. पातळी ५० सेंटीमीटर उतरली, म्हणजे ६,००० लिटर. मीटर म्हणतो ७,१००! आणि पंप बंद केल्यावरही आकडा हळूहळू वाढतच राहतो. बसवणारा म्हणतो मीटर बदला. सोसायटीचा पैसा आहे, म्हणून आधी इथे विचारते.

इन्स्ट्रुमेंटवाले_काका:
ताई, मीटर बदलू नका, त्याची जागा बदला. चेंबूर-माहुल पट्ट्यात इन्स्ट्रुमेंटच्या कामात माझी ३१ वर्षं गेली, आणि असे मीटर मी स्वतः कितीतरी वेळा काढून दुसरीकडे बसवले आहेत.

हा मीटर फक्त पाण्याचा वेग मोजतो. चुंबकीय क्षेत्रातून पाणी गेलं की दोन इलेक्ट्रोडमध्ये बारीकसा व्होल्टेज तयार होतो, तो वेगाच्या प्रमाणात असतो. त्या वेगाला मीटर पाइपच्या पूर्ण छेदाने गुणतो. तुमच्याकडे पुढचं तोंड टाकीत उघडं आहे, म्हणजे पाइप पूर्ण भरतच नाही. पाणी अर्धा-पाऊण पाइप असलं तरी मीटर पूर्ण पाइपाचा हिशोब धरतो, म्हणून आकडा जास्त. पंप थांबला की पाइप रिकामा होतो, इलेक्ट्रोड उघडे पडतात आणि मीटर नुसता गोंधळ मोजत राहतो.

तो खाली पंपरूममध्ये आणा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी मागे येऊ न देणाऱ्या) पुढे, उभ्या पाइपमध्ये, पाणी खालून वर जाईल असा. तिथे पंप बंद असला तरी पाइप भरलेला राहतो. मीटरच्या आधी सरळ पाइप व्यासाच्या किमान ५ पट, म्हणजे ४०० मिमी हवा. पण पंप आणि व्हॉल्व्ह जवळ असल्यामुळे मी १० पट ठेवेन, ८०० मिमी. नंतर ४०० मिमी. आणि एक गोष्ट हमखास राहते: प्लास्टिकच्या पाइपला अर्थिंग रिंग (पाण्याला टेकणाऱ्या धातूच्या कड्या) लागतातच, दोन्ही बाजूंना. पाणी आणि मीटरची बॉडी एकाच विद्युत पातळीला (पोटेन्शियलला) नसेल तर आकडा स्थिर राहत नाही.

(पेट्रोल-डिझेलवर हा मीटर चालतच नाही, त्यातून वीज जात नाही. पाण्याला मात्र याच्यासारखा दुसरा नाही, आत फिरणारं काहीच नाही.)

कांदिवली_प्लंबिंग:
काकांशी सहमत. पंपाची पॉवर केबल आणि मीटरची सिग्नल केबल एकाच कंड्युटमधून नेऊ नका. पंप ताशी किती पाणी देतो?

मुलुंडची_सचिव:
साधारण १२ घनमीटर.

इन्स्ट्रुमेंटवाले_काका:
म्हणजे वेग सेकंदाला ०.६६ मीटर. चालेल, साइज बरोबर आहे. बसवल्यावर मीटरमधलं एम्टी पाइप डिटेक्शन (पाइप रिकामा झाल्याचं ओळखणारी सोय) चालू आहे ना, बघा. आणि कालची ५० सेंटीमीटरची चाचणी तशीच पुन्हा करा. ती फार चांगली केलीत.

मुलुंडची_सचिव:
काका, मीटर हलवला. तेवढ्याच ५० सेंटीमीटरला ५,९६० लिटर. पंप बंद, आकडा स्थिर.

मग रात्री आत येणारा आणि बाहेर जाणारा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून खालच्या टाकीची पातळी खूण करून ठेवली. सकाळी ३ सेंटीमीटर खाली. म्हणजे ३६० लिटर एका रात्रीत जमिनीत. वॉटरप्रूफिंगवाल्याला रविवारी बोलावलंय, टाकी तेव्हा रिकामी करतोय.