पुण्याच्या स्का बँडचा अल्बम 'पुण्याचा' म्हणायचा का?

तिरपी_टोपी
पुण्यातल्या एका स्का बँडचा पहिला अल्बम सध्या माझ्याकडे सलग वाजतोय. माझं ठाम मत आहे की इतकं पुणेरी संगीत मी बऱ्याच काळात ऐकलेलं नाही. आठपैकी सात गाणी इंग्रजीत आहेत, तरीही. बँडचं नाव मुद्दाम देत नाही. इथं नाव आलं की दुसऱ्या प्रतिसादात 'जाहिरात' अशी बोंब होते आणि धागा उडतो. हवं असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

स्का कधी ऐकलं नसेल तर एवढंच करून बघा: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि असं मोजत टाळी फक्त 'आणि'वर द्या. स्कातली गिटार तिथं असते, तुटक, पटकन दाबून टाकलेली. बेस मात्र आकड्यांवरून शांतपणे चालत राहतो. वर ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन. अमेरिकन रेडिओवरचं रिदम अँड ब्लूज, जॅझ आणि जमैकाचं स्वतःचं लोकसंगीत मेंटो यांच्यातून १९५० च्या दशकाच्या शेवटी किंग्स्टनमध्ये हे जमून आलं. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला तेव्हा लोक यावरच नाचत होते. लय पुढे संथ होत रॉकस्टेडी आणि मग रेगे झालं. बॉब मार्लेचे टीशर्ट घालणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असतं, देव जाणे.

आता अल्बम. तिसरं गाणं ११ महिन्यांच्या भाडेकरारावर आहे. घरमालक आडनाव विचारतो, मग काय खाता ते विचारतो, मग रात्री कोण कोण येतं ते. चाल इतकी उनाड आहे की दुसऱ्यांदा ऐकताना कळतं, पोराला घर मिळालेलंच नाही.

आणि ट्रंपेट! वाजवणारे काका लग्नाच्या ब्रासबँडमधले आहेत. बँडच्या पोरांनी माहितीत लिहिलंय की रेकॉर्डिंग चातुर्मासात उरकलं, कारण तेव्हा काकांना लग्नाच्या सुपाऱ्या नसतात. ज्या अल्बमचं वेळापत्रक पंचांगाने ठरलं, तो पुण्याचा नाही तर कुठला?

पेठेतला
वा. पंचांग बघून फ्लॅटचा ताबा घेतला की बिल्डर वैदिक झाला म्हणायचं का?

संगीत जमैकाचं, भाषा इंग्रजांची, पोरं बहुतेक बाणेर-औंधची. पुण्याचं यात उरलं काय? तर एक काका, तेही भाड्याने आणलेले. आणि तो घरमालक इंग्रजीत प्रश्न विचारतो म्हणे! अहो, पुण्यात घरमालक इंग्रजीत हाकलत नाही. तो मराठीत, 'तुम्ही' म्हणून, अत्यंत सभ्यपणे हाकलतो. ते तुमच्या बँडला ऐकू आलं नसेल तर त्यांनी गाणं आपल्या घरमालकावर लिहिलेलं नाही. इंग्लंडातल्या कुणाच्या तरी घरमालकावर लिहिलंय.

मराठीत गा. मग पुण्याचं म्हणू.

रेकॉर्डखोर
@पेठेतला, इंग्लंडचं नाव काढलंतच म्हणून.

कोव्हेंट्री हे मोटारींच्या कारखान्यांचं गाव. तिथल्या जेरी डॅमर्सने १९७९ मध्ये टू टोन नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. द स्पेशल्स हा त्याचाच बँड, गोरी आणि काळी पोरं एकत्र. संगीत पंधरा-वीस वर्षं जुनं, जमैकाहून आलेलं. त्यांनी त्यात भरलं काय? बंद पडणारे कारखाने, बेकारी, रस्त्यावरची वंशद्वेषी मारामारी. १९८१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडातल्या शहरांमध्ये दंगली पेटल्या होत्या, तेव्हा त्यांचं 'घोस्ट टाउन' हे गाणं तिथल्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. ते गाणं कोव्हेंट्रीचं नाही असं आज कोणी म्हणत नाही.

टोकियो स्का पॅराडाइज ऑर्केस्ट्रा १९८५ पासून जपानमध्ये वाजवतोय. दिल्लीच्या स्का व्हेंजर्सचा पहिला अल्बम २०१२ मध्ये आला. हे संगीत जिथं गेलं तिथलं भांडण उचलतं. पुण्यात सगळ्यांत जुनं भांडण घरमालक-भाडेकरूंचं आहे, म्हणून मला त्या पोरांनी विषय अचूक पकडला असं वाटतं.

घरमालकाच्या मराठीबद्दल तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. त्याच्या तोंडच्या इंग्रजी ओळी पुस्तकी वाटतात.

सवाईकर
व्यनितून लिंक मिळाली, ऐकलं. वैर नाही, पण एक प्रामाणिक शंका. यात दाद द्यायची कुठे? आमचे कान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पोसलेले. गायक कुठंही फिरून येवो, समेवर आला की मान आपोआप हलते. इथं गिटार समेच्या आसपास फिरकतसुद्धा नाही, आणि ड्रमवाला दोन आणि चारवर ठोके देतो. पहिल्या गाण्यात मी चक्क चुकीच्या जागी मान हलवत होतो आणि सौ. हसत होती.

बेसवाला
@सवाईकर, सम बेसकडे आहे. गिटार विसरा, दोन मिनिटं फक्त बेस ऐका. तो दर मात्रेला एक सूर टाकत चालतो आणि आवर्तन बदललं की राग बदलावा तसा... नको, राग म्हटलं की तुम्ही मारायला याल. आवर्तन बदललं की तो नव्या सुरावर उतरतो, ती तुमची जागा. मान तिथं हलवा. गुडघे मात्र 'आणि'वर. दोन्ही एकदम जमलं की उठून नाचावंच लागतं, त्यात आपला काही इलाज नसतो.

सौंनाही घेऊन ऐका.

उपोद्घात
सगळे विषयावर बोलताय, वाजवण्यावर कोणी बोलत नाही. मी बोलतो.

स्कातला ब्रास म्हणजे तिघांनी एका श्वासात मारलेला टोला. आखूड, धारदार, एकदम सुरू आणि एकदम बंद. या अल्बममध्ये ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन टोला मारून मोकळे होतात आणि ट्रंपेट मागून मुरकी घेत येतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर थरथरवायचा, वरून खाली घसरत यायचं. चौथ्या गाण्यात तर वधूपिता आता डोळे पुसणार असं वाटतं. भावना म्हणून छान, तिघांचा सेक्शन म्हणून ढिसाळ. किंग्स्टनच्या कुठल्याही जुन्या रेकॉर्डशेजारी हे ठेवून बघा.

स्थानिक आहे म्हणून चुकांना 'मातीचा गंध' म्हणायची आपल्याला खोड आहे. हेच वादन स्वीडनच्या बँडने केलं असतं तर तिरपी_टोपी यांनी पहिल्या मिनिटाला बंद केलं असतं.

तिरपी_टोपी
@उपोद्घात, स्वीडनच्या ट्रंपेटवाल्याला ही मुरकी येणारच नाही, त्यामुळे तो प्रश्न निकालात.

थट्टा सोडा. टोला एकत्र पडत नाही हे मलाही ऐकू येतं. पण त्या अर्ध्या क्षणाच्या उशिरामुळेच मी अल्बम परत लावतो. बाकी सगळं नीट शिकून वाजवलेलं आहे, आणि नीट शिकून वाजवलेलं स्का मी जगभरचं ऐकलंय. काकांचं ट्रंपेट गायकासारखं विचार करतं, कारण लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट हा गायकच असतो. लताबाईंची ओळ लोकांपर्यंत शब्दांशिवाय पोचवायची तर सूर वाकवायलाच लागतो. किंग्स्टनच्या रेकॉर्डची हुबेहूब प्रत हवी असेल तर किंग्स्टनची रेकॉर्ड आहेच की.

खडकी_लाइन
इतका वेळ गप्प होतो. आमच्या घरात दोन पिढ्या बँडवाले. आजोबा लष्करी बँडमध्ये, चुलते लग्नाच्या. म्हणून थोडं लांबेल.

पहिलं, उपोद्घात साहेबांसाठी. बँडवाल्याला आखूड वाजवता येत नाही असं समजू नका. लष्करात आधी तेच शिकवतात. लग्नात आणि मिरवणुकीत तो लांबवतो, कारण समोर रस्ता असतो. लक्ष्मी रोडवर विसर्जनाला प्रभात किंवा दरबार बँड ऐका. मागून ढोल-ताशा येतोय, पुढं गर्दी, अशात आखूड टोला चार पावलांवर मरतो. सूर धरून ठेवला तरच दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपर्यंत जातो. ती मुरकी तिथून आलेली आहे. स्टुडिओत माइक तोंडाशी असताना ती किती ठेवायची हे सांगणं बँडचं काम होतं. सांगितलं नसेल तर दोष काकांवर का?

दुसरं, जे इथं कोणीच विचारलं नाही. मी अल्बम ३०० रुपये देऊन घेतला आणि माहितीचं पान उघडलं. बँडचे सहा जण फोटोसकट. गीतकार, संगीतकार, मिक्सिंग, चित्र, सगळे. काका कुठंयत? 'विशेष आभार' मध्ये, एका कॅफेच्या आणि कोणाच्या तरी मांजराच्या मधोमध. आठपैकी सहा गाण्यांत वाजवलंय त्यांनी!

तुम्ही जमैकाच्या गोष्टी सांगता ना, मग हीसुद्धा सांगा. स्काटलाइट्स हा बँड १९६४ मध्ये उभा राहिला. टॉमी मकूक, डॉन ड्रमंड, लेस्टर स्टर्लिंग, जॉनी मूर, चौघेही अल्फा बॉइज स्कूलचे. किंग्स्टनमध्ये कॅथलिक नन्स चालवत ती संस्था, गरीब घरच्या पोरांसाठी. तिथं वाद्य शिकायचं आणि पुढं लष्करी बँड किंवा हॉटेलातला बँड धरायचा. हीच माणसं दिवसभर स्टुडिओत रोखीवर वाजवायची, रेकॉर्डवर नाव बहुतेक वेळा गायकाचं. धंदा दुसऱ्यांचा झाला. स्वतःच्या नावाचा बँड वर्ष-दीड वर्षात, १९६५ मध्ये, मोडला.

आपल्याकडेही तेच. संगीतकार सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला' सिनेमातलं ट्रंपेट ऐकून आजही लोक उडतात. त्यांच्याकडे वाजवणारे गोव्याचे चिक चॉकलेट किती जणांना ठाऊक आहेत? मुंबईच्या स्टुडिओंमधल्या कितीतरी गोवेकर वादकांची आणि अरेंजरांची नावं पडद्यावर आलीच नाहीत.

अल्बम मला आवडला. पण ज्यांच्यामुळे तो 'पुण्याचा' वाटतो, त्यांचंच नाव मांजराशेजारी, हे मला पचत नाही.

पेठेतला
खडकी_लाइन, एक नंबर. मी हेच म्हणत होतो, फक्त मला ते असं सांगता आलं नसतं.

रेकॉर्डखोर
@पेठेतला, तुम्ही हे अजिबात म्हणत नव्हतात. तुम्ही 'मराठीत गा' म्हणत होतात. उद्या आठही गाणी मराठीत केली आणि काकांना परत मांजराशेजारी बसवलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल.

@खडकी_लाइन, मुद्दा मान्य, पण थोडा जोर जास्त होतोय. काकांनी पैसे घेतले असतील, सुपारी म्हणूनच वाजवलं असेल. सगळ्याच वादकांना बँडचे सदस्य व्हायचं नसतं.

खडकी_लाइन
सदस्य करा असं मी म्हटलंच नाही. ट्रंपेट, पुढं दोन बिंदू, त्यापुढं नाव. एवढ्याला किती जागा लागते?

उपोद्घात
यावर मात्र मी खडकी_लाइन यांच्या बाजूने. वादन ढिसाळ म्हणायचं तरी कोणाचं, ते कळायला नको?

कोथरूडकरीण
पहिल्यांदाच लिहितेय. मी अल्बम ऐकला नाही, बँडला प्रत्यक्ष ऐकलं. मुंढव्यात. काका नव्हते, त्यांच्या जागी कीबोर्डवर ट्रंपेटचा आवाज. गाणी तीच, लोक नाचलेही, पण भाडेकराराचं गाणं शाळेच्या गॅदरिंगसारखं झालं. कार्यक्रमानंतर गिटारवाल्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, काका आज कात्रजच्या वरातीत आहेत.

@सवाईकर, मलाही सम सापडली नव्हती. कोणाला काही फरक पडत नव्हता.

सवाईकर
आज सकाळी फक्त बेस ऐकला. सापडली. भाडेकराराचं गाणं सौ.ला पाठ झालंय, आणि आमच्याकडे खालच्या मजल्यावर दोन भाडेकरू आहेत, त्यामुळे ते जरा हळू आवाजात लावावं लागतं.

तिरपी_टोपी
@खडकी_लाइन, बँडला मेल केला होता, नावाबद्दल. उत्तर आलं: 'पुढच्या आवृत्तीत घालू.' मी विचारलं, डिजिटल अल्बमची पुढची आवृत्ती म्हणजे काय? त्यावर अजून काही आलेलं नाही.

पुढचा कार्यक्रम डिसेंबरात आहे म्हणे.

खडकी_लाइन
डिसेंबरात मुहूर्त आहेत. काका यायचे नाहीत.