मदत हवी आहे: चौघांत एक छोटी क्रूझ केबिन, लग्नाच्या बॅगा आणि सासूबाईंचा वॉकर

नमस्कार मंडळी,

आम्ही बेळगावचे, शहापूर भागात राहतो. डिसेंबरात ठाण्याला भाचीचं लग्न आहे. ते उरकलं की दुसऱ्याच दिवशी मुंबईहून क्रूझने कोची आणि लक्षद्वीपला जायचं बुकिंग झालंय. माणसं चार: मी, मिस्टर, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. समुद्रातून लांब जायची त्यांची फार जुनी इच्छा, त्यासाठीच हा सगळा घाट घातलाय. केबिन एकच आहे, आतल्या बाजूची, बिनखिडकीची. त्यांना वेगळ्या केबिनमध्ये एकटं झोपवायचं नाही हे आमचं पक्कं आहे, तेव्हा 'दोन केबिन घ्या' हा सल्ला कृपया नको.

एजंटने सांगितल्याप्रमाणे केबिन साधारण 140 चौरस फुटांची, बाथरूम त्यातच. खाली दोन पलंग, वर भिंतीतून उघडणारे दोन बर्थ, एक कपाट, एक टेबल. फोटोत पलंगांच्या मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढीच वाट दिसते.

मला काळजी आहे ती त्या वाटेची. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर धरून चालतात. रात्री बाथरूमला उठावंच लागतं. खिडकी नाही म्हणजे दिवा घालवला की मिट्ट काळोख, खाली बोट हलणार, आणि त्यात एखाद्या बॅगेचं चाक त्यांच्या पायात आलं तर? हा विचार डोक्यातून जातच नाही. म्हणून माझी अट एकच आहे, रात्री जमिनीवर एकही वस्तू असता कामा नये.

सामान असं: 28 इंची दोन कडक सूटकेस, 20 इंची एक, मुलाची सॅक, औषधांची पिशवी आणि वॉकर. मोठ्या दोन्हींत लग्नाचे कपडे आहेत, पैठणी, इरकल, मिस्टरांची शेरवानी, मानाचे आहेर. नणंदेसाठी नेतोय तो कुंदा ठाण्यातच उतरेल, त्याचा प्रश्न नाही.

एवढ्या मोठ्या सूटकेस पलंगाखाली जातात का? नाही गेल्या तर ठेवायच्या कुठं? वॉकर रात्री कुठं उभा करायचा? ज्यांनी असल्या केबिनमध्ये म्हातारं माणूस नेलंय त्यांनी सांगा की. हॉटेलच्या खोलीचे अनुभव नकोत, तिथं जागा तरी असते.

निपाणीकर:
ताई, बहुतेक जहाजांवर पलंगाखाली बॅगा सरकवायला मोकळी जागा असते, रेल्वेत लोअर बर्थखाली ढकलतो तशीच. पण उंची प्रत्येक जहाजावर वेगळी. 28 इंची बॅग भरल्यावर आडवी ठेवली तरी साधारण एक फूट जाडीची होते. एजंटकडून 'जागा आहे हो' एवढ्यावर ऐकून घेऊ नका, पलंगाखाली किती इंच मोकळं आहे ते लेखी मागा.

आणि कडक सूटकेस नेऊच नका असं मी म्हणेन. ती मधोमध उघडते, दोन्ही पाखं पसरायला दुप्पट जमीन लागते. तुमच्या केबिनमध्ये ती फक्त पलंगावरच उघडता येईल. कापडी बॅगेचं झाकण वरून उघडतं, पलंगाखालून अर्धी बाहेर ओढली तरी हात घालून वस्तू काढता येते. रिकामी झाली की लहान बॅग मोठीत घालून ठेवायची.

घाटमाथा:
लग्नाचं सामान बोटीवर नेताय कशाला? शेरवानी आणि आहेर लक्षद्वीपला काय करणार? लग्न झालं की त्या दोन सूटकेस नणंदेकडेच ठेवा. परत येताना तिकडून घ्यायला वाकडी वाट पडत असेल तर बेळगावला येणाऱ्या एखाद्या ट्रॅव्हल्सच्या पार्सलमध्ये टाका, घरचं कुणीतरी उतरवून घेईल. दादर किंवा सीएसएमटीच्या क्लोकरूमचाही पर्याय आहे, पण तिथं रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं. पैठणी असलेली बॅग मी तरी तिथं ठेवणार नाही.

खानापूरचा_पोरगा:
काकू, मी क्रूझवर हाऊसकीपिंगला होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी शिडी. वरचे बर्थ उघडले की चढायला शिडी लावतात आणि ती रात्री नेमकी तुमच्या त्या वाटेतच येऊ शकते. हे फोटोत दिसत नाही, कारण फोटो दिवसाचा असतो, बर्थ मिटलेले असतात. सासूबाईंना बाथरूमच्या जवळच्या खालच्या पलंगावर झोपवा. मुलाला आणि साहेबांना वर चढायचं असेल तर शिडी समोरच्या पलंगाच्या पायथ्याशी लावता येते का ते केबिन अटेंडंटला पहिल्याच दिवशी विचारा. दिवसा बर्थ मिटवायला सांगितलं की तो मिटवून जातो, डोक्यावर मोकळं वाटतं.

बाथरूमला उंबरठा असतो, तुम्ही लिहिलं नाही म्हणून सांगतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो उंचवलेला असतो, जुन्या जहाजांवर जास्तच. वॉकर त्यावरून उचलून टाकावा लागतो. त्यांना दिवसाउजेडी दोन-चारदा तसं करून दाखवा. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवा, ते दार हलू नये म्हणून नीट अडकवा. बॅटरीवरचा, माणूस हलला की लागणारा छोटा दिवा पलंगाच्या कडेला चिकटवला तर आणखी चांगलं.

वॉकर घडीचाच घ्या. केबिनचं दार घरच्या दारापेक्षा अरुंद असतं. रात्री तो त्यांच्या उशाशी, हात पोचेल असा, भिंतीला टेकवून ठेवा. कपाटात नको, काळोखात कोण काढणार?

भिंती बहुतेक जहाजांवर पत्र्याच्या असतात, चुंबक चिकटतं. चुंबकाचे हुक आणा आणि पिशव्या, टोप्या, ओले पंचे, मुलाची सॅक, सगळं भिंतीवर चढवा. दारावर अडकवायचे कप्पे मात्र आणू नका, रंग खरवडतो म्हणून काही ठिकाणी काढायला लावतात. कपाटात लाईफ जॅकेट असतील तर त्यांच्यापुढे काही कोंबू नका.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी बऱ्याच तासांनी येतात. औषधं, कागदपत्रं आणि सासूबाईंचा एक जोड कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड आणू नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. गरम पाण्याच्या पिशवीला हरकत नाही, पण विजेवर तापणारी असेल तर नको, रबरी घ्या. गरम पाणी मागितलं की मिळतं.

मूळ धागाकर्ती:
खरंच आभार. शिडीचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. उंबरठ्याचं मिस्टरांना वाचून दाखवलं, ते आता आईंना मागच्या दाराच्या पायरीवर वॉकर उचलून टाकायची सवय करायला लावणार आहेत.

घाटमाथा, तुमचं पटलं. दोन्ही सूटकेस नणंदेकडेच राहतील, तिच्याशी बोलले. परत येताना ठाण्याला जायचंच, सामान घेऊनच गाडीत बसू. क्रूझसाठी दोन कापडी बॅगा आणि 20 इंची एक, एवढंच. आईंसाठी साध्या सुती साड्या, इस्त्रीची गरज नाही अशा.

उद्या एजंटला मेल टाकते: पलंगाखालची उंची, शिडीची जागा, बाथरूमजवळचा पलंग, उंबरठा किती इंच. उत्तर आलं की इथंच लिहीन.

आणखी एक. जड वजनाचे चुंबकाचे हुक बेळगावात कुठं बघितलेत का? गणपत गल्लीत स्टीलच्या दुकानात विचारलं, त्यांच्याकडे फ्रिजवर लावायचे नाजूक होते.

खानापूरचा_पोरगा:
ते नाजूक घेऊ नका, एका ओल्या पंच्यानेच खाली सरकतात. खडेबाजारात हार्डवेअरवाल्यांकडे विचारा, निओडिमियमचे म्हणून मागा. घेताना दुकानाच्या लोखंडी शटरवर चिकटवून भरलेली पिशवी अडकवून बघा आणि मगच पैसे द्या.